पॉइंट टू टू (.२२) रायफल: तिसऱ्या-चौथ्या डिटेलपासून मिसफायर का वाढतात आणि त्यावर काय करायचं

एन.सी.सी. कॅम्पच्या फायरिंगला हे हमखास होतं. सकाळच्या पहिल्या दोन डिटेल, म्हणजे एका वेळी फायरिंग करणाऱ्या कॅडेटांच्या तुकड्या, सुरळीत जातात. मग एखाद्या लेनवरून नुसता 'टक्' असा आवाज येतो. कॅडेट हात वर करतो, उस्ताद म्हणजे शिकवणारे येतात, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उघडून राउंड म्हणजे काडतूस बाहेर काढतात. पुढच्या डिटेलला त्याच लेनवर आणखी दोन राउंड वाजत नाहीत, शेजारच्या लेनवर एक. ऊन चढलेलं असतं, मुलं रांगेत ताटकळलेली असतात, आणि सगळ्यांचं एकमत होतं: लॉट जुना आहे, राउंडच खराब आहेत. न वाजलेले राउंड मोजून परत जातात, रिपोर्ट लिहिला जातो आणि पुढच्या कॅम्पला नव्या लॉटबरोबर पुन्हा तेच सुरू होतं.

सोलापुरात कॅडेटांच्या फायरिंगला मी बरीच वर्षं उभा राहतो आहे. शहरातली कॉलेजं असोत की बार्शी-मोहोळकडून आलेल्या शाळा असोत, प्रत्येकाच्या तोंडी हीच तक्रार ऐकतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. राउंड खराब असू शकतात, नाही असं नाही. पण एकाच पेटीतले राउंड सगळ्या लेनवर वाटलेले असतात. लॉटच वाईट असता तर मिसफायर पहिल्या डिटेलपासून आणि सगळीकडे विखुरलेले दिसले असते. ठरावीक रायफलीच अडतात आणि काही डिटेल झाल्यावरच अडायला लागतात, याचा अर्थ दोष रायफलीत साठत गेलेला आहे. तो शोधता येतो आणि बहुतेक वेळा रेंजवरच निस्तरताही येतो.

राउंड वाजला नाही, तर पहिल्यांदा काय

निदान नंतर. आधी नळी टार्गेटकडेच राहू द्या. ट्रिगरवरचं बोट काढा, पण बोल्टला हात लावू नका. तीस सेकंद थांबा. दारू उशिरा पेट घेण्याची शक्यता कमी असली तरी असते, आणि अशा वेळी बोल्ट उघडा असेल तर पुंगळी, म्हणजे राउंडचं पितळी कवच, फाटून त्याचे तुकडे आणि गरम वायू थेट तोंडावर येतात. तीस सेकंदांनी उस्तादांनी किंवा फायरिंग ऑफिसरने बोल्ट उघडून राउंड काढावा. कॅडेटने स्वतः तोच राउंड पुन्हा भरून 'बघू वाजतो का' करू नये.

मिसफायरपेक्षा घातक प्रकार म्हणजे 'फुस्स' वाजणं. आवाज नेहमीपेक्षा हलका आला, खांद्याला धक्का जाणवला नाही आणि टार्गेटवर भोक नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी गोळी मारली की नळी फुगते. अशा वेळी पूर्ण लेन थांबवा, बोल्ट बाहेर काढा, मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. उजेड दिसला नाही तर ती रायफल त्या दिवसापुरती संपली. गोळी ठोकून काढण्याचं काम आर्मररचं, म्हणजे रायफली दुरुस्त करणाऱ्याचं आहे, सळई घेऊन आपण करायचं नाही.

हे इतकं जोर देऊन लिहितो कारण 'टू टू'ला खेळणं समजायची सवय लागली आहे. गोळी २.६ ग्रॅमची, वेग साधारण सेकंदाला ३३० मीटर. आपण २५ यार्डांवर मारतो म्हणून ती तिथेच थांबते असं नाही. बट, म्हणजे टार्गेटमागचा मातीचा बांध, नसेल तर ती किलोमीटरभराच्या पुढे जाते.

मिसफायर झालेल्या राउंडची कड बघा

आता निदान. न वाजलेला राउंड आणि त्याच रायफलीतून आधी वाजलेल्या दोन-चार पुंगळ्या एका कागदावर ठेवा. सोलापुरात कापडातले धागे मोजायचं छोटं घडीचं भिंग कोणाकडेही मिळतं. ते घ्या आणि पितळेची मागची कड पाहा. कडेवर फायरिंग पिनचा (ट्रिगर दाबल्यावर राउंडवर आदळणाऱ्या खिळीचा) एक चौकोनी किंवा गोलसर खड्डा असेल. त्या खड्ड्यात सगळी माहिती आहे.

वाजलेल्या पुंगळीवर खड्डा स्वच्छ, खोल आणि कडेपर्यंत पोचलेला दिसेल. न वाजलेल्या राउंडवरही तितकाच खोल खड्डा असेल, तर पिनने आपलं काम केलेलं आहे, राउंडवर संशय घ्यायला जागा आहे. न वाजलेल्या राउंडवर नुसता ओरखडा किंवा उथळ खळगा असेल, तर दोष शंभर टक्के रायफलीकडे किंवा ती चालवणाऱ्याकडे आहे. तिसरा प्रकार फसवा असतो. वाजलेल्याच पुंगळीवर दोन खुणा दिसतात: एक उथळ आणि एक खोल. म्हणजे पहिल्या फटक्यात वाजला नाही, कोणीतरी घोडा पुन्हा चढवून दुसऱ्यांदा ट्रिगर दाबला आणि वाजला. हा प्रकार रजिस्टरला येतच नाही, कारण शेवटी राउंड वाजला ना! पण दुखणं सुरू झाल्याची पहिली खूण हीच.

पुंगळीच्या अंगावर लांबीच्या दिशेने एकाच जागी चरा उठत असेल तर चेंबरच्या, म्हणजे नळीत राउंड बसतो त्या जागेच्या, तोंडाशी धातूची कड वर आलेली आहे. त्याबद्दल पुढे. आणि कड फुगलेली, चिरलेली किंवा पुंगळीची एक बाजू काळी पडलेली दिसली, तर पुढचं काही वाचू नका. ती रायफल बाजूला काढा.

कडेवरच का मारावं लागतं

मोठ्या रायफलीच्या काडतुसाला मध्यभागी टोपी असते. पॉइंट टू टूला तशी वेगळी टोपी नाही. पितळेची कड आतून पोकळ असते आणि पेटणारा मसाला ओला असताना पुंगळी गरगर फिरवून त्या पोकळीत पसरवलेला असतो. पिन बाहेरून कड दाबते, मसाला दोन पत्र्यांमध्ये चिरडला जातो आणि ठिणगी पडते. पण दाबायचं तर खाली ऐरण हवी. ती ऐरण म्हणजे चेंबरच्या तोंडाची कड. राउंडची कड तिथे घट्ट टेकलेली असेल तरच पिनचा मार चिरडण्याच्या कामी येतो. राउंड अर्धा मिलिमीटर मागे राहिला असेल तर पहिला फटका त्याला पुढे ढकलण्यातच खर्च होतो. राउंड आत बसतो, वाजत नाही. दुसऱ्या फटक्याला मात्र तो टेकलेला असतो, म्हणून वाजतो. उथळ आणि खोल अशा दोन खुणांचं कोडं इथे सुटतं.

आपल्याकडच्या जुन्या ट्रेनिंग रायफलींत यात आणखी एक गुंता आहे, आणि तो इतिहासातून आलेला आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेच्या शेतकऱ्यांनी ब्रिटिश सैन्याला लांबून अचूक नेम मारून हैराण केलं. आपले शिपाई नेमबाजीत कच्चे आहेत हे ब्रिटिशांना उघड मान्य करावं लागलं आणि लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या सेनापतीने देशभर रायफल क्लब काढण्याची मोहीमच उघडली. पण .३०३ च्या गोळ्या महाग, आवाज मोठा, रेंजला मैलभर मोकळी जागा हवी. त्यावर उपाय म्हणून शिपायाच्या हातातली रायफल तीच ठेवायची आणि गोळी तेवढी लहान करायची असं ठरलं. त्याआधी मार्टिनी रायफलीत मॉरिस ट्यूब नावाची बारीक नळी घालून सराव होत असेच. १९०७ मध्ये जुन्या ली-मेटफर्ड रायफली .२२ मध्ये बदलून घेतल्या गेल्या. पुढे एस.एम.एल.ई. म्हणजे आपली ओळखीची थ्री नॉट थ्री हीच त्या कामाला घेतली. १९२६ मध्ये ब्रिटिशांनी रायफलींना नंबर द्यायची पद्धत आणली तेव्हा थ्री नॉट थ्रीला नंबर १ मिळाला आणि तिच्या .२२ अवताराला नंबर २. 'नंबर २ मार्क ४' म्हणतात ती हीच. वजन, लांबी, बोल्टची मूठ, साइट सगळं शिपायाला सवयीचं. मॅगझिनची पेटी तशीच ठेवली, पण आतून रिकामी. एकेक राउंड हाताने भरायचा आणि रिकामी पुंगळी त्या पेटीत पडायची.

ज्यांच्या नळ्या झिजलेल्या होत्या त्या .३०३ रायफलींना आतून नवी .२२ ची नळी बसवली गेली. पार्कर-हेल कंपनीचं हे तंत्र. अशा रायफलीत बाहेरची नळी एक आणि आतली दुसरी, म्हणून तोंडाशी पाहिलं तर दोन वर्तुळं दिसतात.

आता गुंता असा की .३०३ ची पिन मध्यभागी मारते आणि .२२ ला मार हवा कडेवर. त्यासाठी बोल्ट हेडमध्ये, म्हणजे बोल्टच्या पुढच्या टोकात, एक छोटी वेगळी पिन बसवली. मागची मूळ पिन या छोट्या पिनच्या पाठीवर मारते आणि छोटी पिन कडेवर. एकच फटका दोन तुकड्यांतून जातो. या दोन तुकड्यांमध्ये चिकट तेल, धूळ, काजळी साचली की फटक्याचा जोर वाटेतच कमी होतो. ज्यांना रायफलीची घडण माहीत नाही ते नळी आरशासारखी चकचकीत करतात आणि बोल्ट हेडकडे बघतही नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी 'नंबर ८' काढली. ती फक्त सरावासाठी, एक राउंडी, जड नळीची, बी.एस.ए. आणि फझाकर्लीच्या कारखान्यात बनलेली. आपल्याकडे १९४८ मध्ये एन.सी.सी. सुरू झाली. तिच्या कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, नंबर २, नंबर ८ आणि नंतरच्या डिलक्स अशा वेगवेगळ्या घडणीच्या .२२ रायफली एकत्र सापडतात. खाली सांगतो ते दोष तिन्हींत होतात, पण दोन तुकड्यांच्या पिनचा त्रास मुख्यतः नंबर २ चा.

पहिला संशयित: चेंबरच्या पुढच्या टोकाला जमलेलं कडं

माझ्या अनुभवात दहापैकी सहा-सात वेळा दोष इथेच असतो, म्हणून यावर थोडा जास्त वेळ घालवतो.

पॉइंट टू टूची गोळी बाहेरून मेणाने किंवा वंगणाने माखलेली असते. गोळी शिशाची असते. प्रत्येक राउंडबरोबर चेंबर संपून नळी सुरू होते तिथे मेण, शिसं, काजळी आणि न जळलेली दारू यांचं एक बारीक कडं जमत जातं. सुरुवातीच्या राउंडना काही जाणवत नाही. त्यानंतर राउंड अंगठ्याने ढकलला की शेवटच्या टोकाला अडतो. बोल्ट त्याला जोराने आत ढकलतो खरा, पण पूर्ण नाही. ऐरणीला टेकत नाही. मग पहिला फटका वाया.

आता डिटेलचा हिशोब मांडा. प्रत्येक लेनवर कॅडेट पाच किंवा दहा राउंड मारतो आणि दुसरा येतो. रायफल तीच राहते. दहा-दहा राउंडच्या तीन-चार डिटेल झाल्या की त्या रायफलीतून तीस-चाळीस राउंड गेलेले असतात आणि मध्ये कोणी चेंबरला हात लावलेला नसतो. मिसफायर उशिरा का सुरू होतात याचं उत्तर हेच आहे.

सोलापूरची हवा यात भर घालते. मार्च उलटला की इथली काळी माती भुकटी होऊन उडते. राउंडचे खोके उघडे ठेवून जमिनीवर चादरीवर पसरले असतील तर मऊ झालेल्या मेणाला ही धूळ चिकटते आणि राउंडबरोबर थेट चेंबरमध्ये जाते. एप्रिल-मेच्या कॅम्पात राउंड टिनाच्या पेटीत उन्हात ठेवणं तर पूर्ण बंद केलं पाहिजे. पेटी सावलीत, झाकण लावून, आणि एका वेळी एका डिटेलपुरतेच राउंड बाहेर.

दुसरी गोष्ट चिंदीची. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यांची कात्रणं पोत्याने मिळतात, तीही फुकट, आणि रायफल पुसायला तीच वापरली जातात. कृपा करून वापरू नका. टेरीच्या टॉवेलला जे फासे असतात ते तुटून त्यांचे तंतू चेंबरच्या खाचेत, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या) नखाखाली आणि बोल्ट हेडच्या खोबणीत अडकून बसतात. वर तेल लागलं की त्यांचा लगदा होतो. चेंबरच्या तोंडातून चिमट्याने असे रंगीत तंतू काढताना मी पाहिले आहेत. कुठल्या रंगाचा टॉवेल होता तेही सांगता येत होतं. त्याऐवजी धुऊन जुनं झालेलं सुती धोतर किंवा फ्लॅनेल घ्या.

उपाय सोपा आहे. तीन-चार डिटेल झाल्या की पाच मिनिटांचा थांबा घ्या. बोल्ट काढा. .२२ च्या मापाचा तांब्या-पितळेचा ब्रश चेंबरमध्ये मागून घालून तीन-चार वेळा फिरवा, मागेपुढे घासू नका, गोल फिरवा, कारण कडं गोलाकार आहे. नंतर कोरडी चिंदी फिरवून चेंबर पूर्ण कोरडं करा. तेल राहता कामा नये. तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला पकडून राहत नाही आणि सगळा रेटा बोल्टवर येतो. नळीतून पुल थ्रू, म्हणजे चिंदी बांधलेली दोरी, ओढायची तर मागून पुढे, आणि चिंदी .२२ ला बेताची. थ्री नॉट थ्रीसाठी कापलेली चिंदी .२२ च्या नळीत घातली की ती अडकते, दोरी तुटते आणि नळीत चिंदीचा बोळा बसतो. मग दुसरं दुखणं सुरू.

साफ झालं की नाही ते असं तपासा: नळी खाली करून चेंबरमध्ये एक राउंड टाका, अर्थात रेंजवर, उस्तादांनी, बोल्ट बाहेर असताना. अंगठ्याच्या हलक्या दाबाने तो कडेपर्यंत जाऊन टेकला पाहिजे.

बोल्ट पूर्ण खाली गेलाय का

ली घडणीच्या, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या घराण्यातल्या, बोल्टमध्ये घोडा बोल्ट मागे ओढताना चढत नाही, पुढे ढकलताना चढतो. म्हणजे बोल्ट बंद करताना स्प्रिंगचा पूर्ण विरोध हाताला जाणवतो. लेटून, कोपर जमिनीवर टेकलेलं असताना, नववी-दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला तो विरोध जास्तच वाटतो. मग मूठ तीन चतुर्थांश खाली जाते आणि कॅडेट डोळा साइटला लावतो. ट्रिगर दाबल्यावर स्प्रिंगचा जोर आधी मूठ खाली फिरवण्यात जातो, उरलेला पिनला मिळतो. खड्डा उथळ, राउंड गप्प.

हा दोष ओळखायची खूण म्हणजे 'टक्' झाल्यावर मूठ आपोआप थोडी खाली सरकलेली दिसते. लेनमागे उभ्या असलेल्या माणसाने नेमाकडे न पाहता मुठीकडे पाहायचं. आमच्या उस्तादांचं एक वाक्य कॅडेटांना पाठ झालेलं आहे: "बेटा, पहले मूठ लकडी को लगाओ, फिर आँख साइट को." चेंबरमधलं कडं आणि अर्धवट बोल्ट हे दोन दोष एकमेकांना धरून येतात. राउंड अडत असेल तर बोल्ट जड लागतो आणि बोल्ट जड लागला की कॅडेट तो अर्धवट सोडतो. म्हणून कॅडेटला ओरडण्याआधी चेंबर बघा.

बोल्टांची अदलाबदल

कॅम्पच्या संध्याकाळी सफाईला वीस-पंचवीस रायफली एका सतरंजीवर उघडतात. बोल्ट एका रांगेत, रायफली दुसऱ्या. परत जोडताना जो हाताला लागेल तो बोल्ट बसतो, बंदही होतो, आणि कोणाला शंका येत नाही. पण बोल्ट हा त्या-त्या रायफलीला जुळवलेला असतो. पॉइंट टू टूच्या कडेची जाडी साधारण १.१ मि.मी. असते. बोल्टचं तोंड आणि चेंबर यांच्यामधली जागा एवढ्याच मापाची असली पाहिजे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला आणि ही जागा मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाने वाढली तरी राउंड सैल राहतो, पिनचा मार पुरत नाही. जागा फारच वाढली तर कडेला पाठीमागून आधार मिळत नाही आणि ती फाटते. वर सांगितलेली फुगलेली कड आठवा.

बोल्टच्या मुठीच्या मुळाशी नंबर असतो आणि रायफलीच्या अंगावरही असतो. दोन्ही जुळलेच पाहिजेत. नंबर झिजला असेल तर आर्मररकडून मापून घ्या. सफाईच्या वेळी एकेक रायफल उघडा, साफ करा, जोडा, मगच दुसरी. वेळ जास्त लागतो, लागू द्या.

बोल्टमधलं तेल

कोतमध्ये रायफल ठेवताना गंज लागू नये म्हणून भरपूर तेल देतात आणि ते योग्यच आहे. पण फायरिंगच्या सकाळी ते तेल पुसायला हवं. बोल्टच्या आत, स्प्रिंगवर आणि बोल्ट हेडमधल्या छोट्या पिनभोवती राहिलेलं जुनं तेल धुळीशी मिळून घट्ट होतं आणि पिन सरकायला जड जाते. याची परीक्षा म्हणजे खड्डे सगळ्याच राउंडवर थोडे उथळ दिसतात, चेंबर साफ केलं तरी फरक पडत नाही. बोल्ट हेड उघडून छोटी पिन काढणं आणि धुणं हे आर्मररचंच काम. बारीक स्क्रू आणि पिन रेंजच्या मातीत पडले की सापडत नाहीत. आपण एवढंच करायचं की फायरिंगच्या आदल्या दिवशी सगळे बोल्ट त्यांच्याकडून तपासून घ्यायचे. मोडलेली किंवा झिजलेली पिन, थकलेली स्प्रिंग हेही तिथेच कळतं.

ड्राय प्रॅक्टिसमुळे पडणारी खाच

याबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण रायफल कायमची बिघडते ती इथे. फायरिंगच्या आधी आठवडाभर मैदानावर नेम धरण्याचा आणि ट्रिगर दाबण्याचा सराव होतो. रायफल रिकामी असते. थ्री नॉट थ्रीमध्ये त्याने फारसं नुकसान होत नाही, कारण तिची पिन मध्यभागी, चेंबरच्या पोकळीत येते. पॉइंट टू टूमध्ये पिन कडेवर मारते. राउंडची कडच नसेल तर झिजलेल्या रायफलीत ती सरळ चेंबरच्या तोंडावर, म्हणजे त्याच ऐरणीवर, मारते. शेकडो कॅडेट, प्रत्येकाचे पंचवीस-तीस फटके. लोखंड चेपतं, तिथे खाच पडते आणि खाचेच्या कडेने धातूचा बारीक ओठ चेंबरच्या आत येतो. मग राउंड भरताना अडतो, वाजल्यावर पुंगळी निघत नाही, पुंगळीवर लांबीचा चरा उठतो. आणि ऐरणीलाच खड्डा पडल्यामुळे त्या जागी मसाला नीट चिरडला जात नाही. पिनचं टोकही चेपतं. म्हणजे एका सवयीतून भरण्याचा, काढण्याचा आणि वाजण्याचा असे तिन्ही दोष.

भिंग घेऊन चेंबरच्या तोंडाकडे पाहा. पिन जिथे येते तिथे छोटी खाच दिसते. नखाने चाचपलं तर ओठ लागतो. तो फाईलने घासायचा मोह होतो, पण घासू नका. ऐरण आणखी खाली जाते. आर्मररकडे त्यासाठी वेगळं अवजार असतं, ते ओठ परत बाहेर दाबतं.

टाळायचं कसं? ड्राय प्रॅक्टिसला चेंबरमध्ये वाजलेली रिकामी पुंगळी घाला, जुनी खूण पिनसमोर येणार नाही अशी फिरवून, आणि दर काही फटक्यांनी फिरवत राहा. अशा पुंगळ्यांना लाल रंग द्या म्हणजे जिवंत राउंडमध्ये मिसळणार नाहीत. ज्या दिवशी ड्राय प्रॅक्टिस त्या दिवशी त्या जागेवर एकही जिवंत राउंड नको, हा नियम आहेच. कोतमध्ये दोन-चार बाद झालेल्या रायफली असतील तर सराव त्यांच्यावर करा आणि चांगल्या रायफली फायरिंगसाठी राखून ठेवा.

मग राउंडचा दोष कधी धरायचा

मसाला पुंगळीत गरगर फिरवून पसरवतात म्हणून कधी कधी कडेच्या एखाद्या भागात तो पोचतच नाही. पिन नेमकी तिथे आली तर खड्डा खोल असूनही राउंड वाजत नाही. फिरवून दुसऱ्या जागी मारला तर वाजेल. ओल लागलेल्या राउंडचंही असंच.

शंका असेल तर न वाजलेला राउंड दुसऱ्या रायफलीत घालून बघण्याची पद्धत आहे, पण तिच्यातून खात्रीचं काही कळत नाही, कारण त्याला आधीच एक फटका बसलेला असतो. त्यापेक्षा त्याच खोक्यातले दहा कोरे राउंड आदल्या दिवशी तपासलेल्या, साफ रायफलीतून मारा आणि दुसऱ्या लॉटचे दहा संशयित रायफलीतून. साफ रायफलीतही अडले आणि खड्डे खोल असतील तर लॉट परत करा, बेधडक करा. संशयित रायफलीत दुसऱ्या लॉटचेही अडले तर लॉटला दोष देणारा रिपोर्ट फाडून टाका.

शेवटी रजिस्टरबद्दल. बहुतेक ठिकाणी मिसफायरची नोंद राउंडच्या लॉट नंबरने होते. तिथे रायफलीचा नंबर, बोल्टचा नंबर, त्या दिवशी त्या रायफलीचा कितवा राउंड होता आणि खड्डा उथळ की खोल, हे चार रकाने वाढवा. न वाजलेला राउंड छोट्या लिफाफ्यात घालून वर हेच लिहा आणि लिफाफे आर्मररच्या हातात द्या. दोन कॅम्पांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कुठल्या रायफली आणि कितव्या राउंडनंतर अडतात ते कागदावरच दिसतं. चेंबर साफ करायचा थांबा त्या आकड्याच्या आधी ठेवा आणि त्या रायफली पुढच्या कॅम्पच्या आधी तपासणीला पाठवा.